नळाचं देऊ का आरोचं?

आमच्याकडे पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याचा गडवा हातात देण्याआधी हल्ली विचारतात, ‘नळाचं देऊ का आरोचं?’ आरो म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं आरओ मशीन. पूर्वी हा प्रश्नच नव्हता. फार तर पाहुणा खारपाणपट्ट्याबाहेरचा असला तर घरातली बाई जराशी ओशाळून म्हणायची, ‘आमच्याकडचं पाणी खारं लागते बरं.’ आता नळाचं मागणारा माणूस एक तर जुन्या वळणाचा असतो नाही तर चिकट, असं गावातल्या पोरांचं मत आहे. मी नळाचं मागते. त्याला कारण आहे, पण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही.

माझं सासर अकोट तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, आणि मधल्या सपाट काळ्या जमिनीखाली खारं पाणी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून नदीच्या दोन्ही अंगांनी हा खारपाणपट्टा जातो. नदीने आणून टाकलेला शेकडो फूट जाडीचा गाळ आणि त्यात मुरलेले क्षार. बोअर मारली तर पाणी लागतं, पण पिववत नाही. शेतालाही देता येत नाही, कारण त्यातल्या सोडियमने काळी जमीन घट्ट होऊन बसते आणि पुढे पावसाचंही पाणी मुरत नाही. म्हणून आमची शेती कोरडवाहू. कापूस, तूर, मूग, हरभरा. वर ढग आणि खाली खार, असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणतात.

लग्न होऊन आले तेव्हा हे पाणी मला जिभेआधी चुलीवर कळलं. तुरीची डाळ तास-तास रटरटत राहायची आणि दाणा काही मऊ व्हायचा नाही. चहात दूध घातलं की कधी कधी फाटायचं. अंगाला साबण लावला तर फेस नाही, आणि पाणी तापवायच्या गंजाच्या बुडाशी पांढरा थर, तो सुरीने खरवडायचा. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, डाळीसाठी वेगळं पाणी आणायच्या, गावाबाहेरच्या एका विहिरीचं. ती विहीर तेवढी गोडी होती. तिथे पहाटे नंबर लागायचे, आणि भांडणंही.

मग वान धरणाचं पाणी आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडजवळ वान नदी अडवलीय. तिथून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या खेड्यांना पाणी देणारी ८४ खेडी योजना. आमच्या बोलण्यात ती नुसती ‘चौऱ्यांशी खेडी’ आहे. नळ रोज येत नाही. कधी चार दिवसांनी, उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनीही. कुणी तरी गल्लीतून ओरडतं, ‘नळ आले वंऽऽ’ आणि बाया हातातलं टाकून ड्रम, हंडे, टाकी, पातेली, जे सापडेल ते भरायला धावतात. पण त्या पाण्यात डाळ शिजते. या योजनेने आमच्या घरात काय बदललं, असं कुणी विचारलं तर मी आधी वरणाचं नाव घेईन.

तर आता आमच्या एकाच घरात दोन पाणी आहेत. एक नळाचं, धरणातलं. दुसरं मागच्या अंगणातल्या बोअरचं, भांडी आणि धुण्यासाठी. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारा टीडीएस मीटर आम्हीही आणला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. नळाचं पाणी दोनशेच्या आसपास दाखवतं, बोअरचं दोन हजारांच्या वर. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. म्हणजे नळाला आरओची गरज नाही, बोअरला आहे. हिशेब इतका सोपा. पण विकणारे असा हिशेब करत नाहीत. त्यांच्या पिशवीत एकच मशीन असतं.

असा एक विक्रेता आमच्या ओसरीवर येऊन बसला होता. स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, जीभ तर विचारूच नका. त्याने दोन काचेचे ग्लास मागितले. एकात आमच्या नळाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात स्वतःच्या बाटलीतलं आरओचं. मग पिशवीतून एक खोकं काढलं, त्याला खाली धातूच्या चार कांड्या. दोन कांड्या या ग्लासात, दोन त्या ग्लासात, आणि वायर बोर्डात. अर्ध्या मिनिटात नळाचं पाणी हिरवट झालं, मग तांबूस, मग वर फेसाळ घाण तरंगायला लागली आणि बुडाशी काळपट गाळ. आरओचं पाणी तसंच नितळ. तोवर गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या.

‘अवं माय! हे त मोरीतलं पाणी दिसते!’

‘ताई, हे पाणी तुम्ही लेकरायले पाजून राह्यल्या,’ तो म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून किडनी हा शब्द काढला. खारपाणपट्ट्यात हा शब्द असा काढला की समोरचं माणूस गप्प होतं. प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी डायलिसिसला गेलेलं असतं. डॉक्टर एकट्या पाण्याकडे बोट दाखवत नाहीत, ते रक्तदाब, साखर आणि अंगदुखीवर परस्पर घेतलेल्या गोळ्या यांचीही विचारपूस करतात. पण ओसरीवर ती विचारपूस होत नसते.

माझी मुलगी तेव्हा दहावीला होती. ती आत गेली आणि चिमूटभर मीठ घेऊन आली. ‘काका, तुमच्या गिलासात हे टाकू का?’

‘मीठ कायले टाकतं बाई?’

तिने टाकलं. प्रत्येक ग्लासातली एक कांडी लोखंडाची होती. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नसते, कांडीची असते. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून वीज फारशी वाहत नाही आणि काही होतही नाही. मीठ पडल्यावर त्याचं नितळ पाणीही पाहता पाहता तांबूस झालं.

‘मंग आता तुमचं पाणी बी खराब झालं का जी?’ मामाजींनी अगदी साळसूदपणे विचारलं.

तो हसला, खोकं आवरलं, चहा घेऊन गेला. पुढच्या गल्लीत त्याची दोन मशीनं खपल्याचं नंतर कळलं. त्याला मी वाईट म्हणणार नाही, कमिशनवर फिरणारा पोरगा. पण ही युक्ती शहरांत कधीचीच जुनी झालीय आणि खेड्यांत अजून चालते. चालते कारण आपण पाणी डोळ्यांनी आणि जिभेनेच पारखतो. खारं लागलं, गढूळ दिसलं, वास आला तर वाईट. गोड लागलं, नितळ दिसलं तर चांगलं. पाण्याच्या मशीनचा सगळा बाजार या पारखीवर उभा आहे. आणि पाण्यात ज्यांची खरी भीती बाळगायची ते जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, यांपैकी एकही जिभेला कळत नाही.

टीडीएस मीटरलाही कळत नाही, हे गावात कुणी सांगत नाही. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच पाहतो आणि त्यावरून क्षारांचा आकडा काढतो. दोनशे टीडीएसच्या पाण्यात कावीळ असू शकते आणि पंधराशेच्या पाण्यात एकही जंतू नसू शकतो. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, ते लग्नाच्या पंगतीतही खिशातून मीटर काढून जारच्या पाण्यात बुडवतात आणि ‘पस्तीस!’ म्हणून मान डोलावतात. तो जार शेवटचा कधी घासला होता ते कुणी विचारत नाही.

मग कळतं कशाने? तपासल्याने. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत, खाली उपविभागातही आहेत, आणि तिथे साधा माणूसही पाणी देऊ शकतो. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅनमध्ये लिटर-दोन लिटर पाणी लागतं, कॅन त्याच पाण्याने आधी विसळून घ्यायची. जंतूंच्या तपासणीला मात्र त्यांचीच निर्जंतुक बाटली लागते, आणि ती थंड ठेवून त्याच दिवशी पोचवावी लागते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायांना तपासणीची पेटी हाताळायला शिकवलंय. आमच्या गावात त्यांतली एक माझी शेजारीण. तिची पेटी तिच्या देव्हाऱ्याच्या फळीवर असते. ती पेटी कुणी मागायला येत नाही, असं ती म्हणाली. मी मागितली तेव्हा तिला झालेला आनंद मशीन विकणाऱ्यापेक्षा जास्त होता.

आमच्या नळाच्या पाण्यात क्षार ठीक, फ्लोराइड ठीक, नायट्रेट ठीक. एका नमुन्यात जंतू निघाले. म्हणजे दोष धरणात नव्हता. तो गावातल्या पाइपात असेल, नाही तर आमच्याच ड्रममध्ये. नळ आठ दिवस कोरडे असले की पाइपात पोकळी होते आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकतो, ओटीचे थेंब घालून नळाचं पाणी पिवळं होतं का बघतो. पिवळं झालं की क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचलं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरायला हवं. ते उरलेलं क्लोरीनच पुढे भांड्यात पाण्याची राखण करतं. पण लोकांना वास आवडत नाही, म्हणून तेच आधी काढून टाकायची घाई असते.

या पाण्याला आरओ लावणं म्हणजे डोकं दुखतं म्हणून पाय कापणं. घरगुती आरओ साधारण तीन-चार लिटर पाणी घेतं आणि एक लिटर देतं. बाकीचं नळीतून मोरीत. ज्या गावात नळ आठवड्याने येतो, जिथे बाया एका हंड्यासाठी अंगावर येतात, तिथे गोडं पाणी असं वाहू देणं मला बघवत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच केंद्र सरकारला सांगितलं होतं, की ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओ वापरायला बंदी घाला. मशीनच्या खोक्यावर हे छापलेलं मी पाहिलं नाही.

आम्ही वीज न लागणारा, वरून ओतायचा फिल्टर घेतला, आत यूएफची जाळी असलेला. यूएफ म्हणजे पोकळ धाग्यांचा जुडगा. त्यांची छिद्रं इतकी बारीक, की जंतू अडकतात आणि क्षार निघून जातात. आम्हाला नेमकं तेवढंच हवं होतं. भारनियमनाची काळजी नाही, मोटर नाही, मोरीत जाणारी नळी नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ येतं तेव्हा आधी तुरटी फिरवून रात्रभर निवळू देतो, नाही तर धागे चार दिवसांत तुंबतात. कावीळ-गॅस्ट्रोच्या दिवसांत आशाताई क्लोरीनच्या द्रावणाची बाटली देतात, तिच्यावर लिहिलंय तेवढे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं आणि मग फिल्टरमध्ये ओतायचं. आत्याबाईंनी सुरुवातीला नाक मुरडलं. मग एक दिवस त्यांनीच त्याच्या खालच्या टाकीत हात घालून बोट फिरवलं आणि मला बुळबुळीत बोट दाखवलं. तेव्हापासून आठवड्याला ती टाकी त्या स्वतः घासतात. फिल्टरमधून गाळून आलेल्या चांगल्या पाण्याचीही पुढे घाण होते हे त्यांनी जितक्या लवकर ओळखलं, तितक्या लवकर पुस्तक वाचून मलाही कळलं नसतं.

यूव्हीचं मशीन वाईट नाही. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश जंतूंचा वंश वाढू देत नाही. पण त्याला नितळ पाणी लागतं आणि अखंड वीज लागते. आणि त्याची नळी साधारण वर्षभरात अशक्त होते, पण निळी दिसतच राहते, म्हणून कुणी बदलत नाही. साध्या कॅण्डलच्या फिल्टरला आता कुणी विचारत नाही. ती कॅण्डल ब्रशने घासत राहिली तर गाळ आणि बरेचसे जंतू अडवते, त्यावर थेंबभर क्लोरीन असलं की गरिबाच्या घरी काही कमी पडत नाही. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हेही खरं. अल्कलाइन, कॉपर, मिनरल असल्या चकचकीत कांड्यांवर मात्र मी एक रुपया घालणार नाही.

गावाबाहेर शेतात राहणारं एक कुटुंब आहे. योजनेचा नळ तिथवर जात नाही, आहे ती बोअर. त्यांनी आरओ घेतलं आणि बरोबर केलं. तिथे दुसरा इलाज नाही. वाया जाणारं पाणी ते ड्रममध्ये धरतात आणि संडासात, भांडी खरकटी काढायला वापरतात. झाडांना घालत नाहीत, कारण ते बोअरपेक्षाही खारं असतं. त्यांच्या मशीनबद्दल मला काहीच म्हणायचं नाही.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. तिथलं पाणी गोड. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी नुसतं पाणीच पीत बसले होते. सासरच्यांना मी ते मिरवून सांगायची. आईच्या हाताचं वरण पंधरा मिनिटांत शिजायचं.

दादाचा मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याचे पुढचे नवे दात आले ते खडूसारखे पांढरे ठिपके घेऊन, आणि पुढे त्या ठिपक्यांचे पिवळे-तपकिरी पट्टे झाले. वहिनीने पेस्ट बदलली, राखुंडी लावली, मिठाने घासले. शाळेत गुरुजींनी त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, ‘खर्रा खातो का रे?’ आमच्याकडे खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, संशय येणं नवलाचं नाही, मिसरूड न फुटलेली पोरंही खर्ऱ्याची पन्नी खिशात घेऊन फिरतात. पोरगं रडत घरी आलं. दादाने आधी त्यालाच दोन ठेवून दिल्या.

ते फ्लोराइड होतं. वर्ग भरून तशीच दातं होती, पण सगळ्यांचीच असली की ती कुणाला दिसत नाहीत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत खोल बोअरच्या पाण्यात ते खडकातून उतरतं. जितकं खोल जावं आणि पाणी जितका काळ खडकात मुरलेलं असावं, तितकं ते जास्त. मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, फार तर १.५. दादाच्या बोअरचं पाणी त्याच्या बरंच वर निघालं. टीडीएस मात्र चारशेच्या आत. नितळ, गोड, बिनवासाचं. पक्का दात हिरडीत घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत जे पोटात गेलं ते दातावर उमटतं, आणि ते पुसता येत नाही. वर्षानुवर्षं तेच पाणी पोटात गेलं तर हाडांत साठतं, पाठ-गुडघे आखडतात. त्यावर औषध नाही. पाणी बदलणं हेच औषध.

‘पाणी त आमचं गोड आहे, आम्हाले कायले पाह्यजे मशीन?’ दादा मला फोनवर म्हणाला. तपासणीचा कागद त्याच्या हातात होता तरी म्हणाला. मी त्याला दोष देत नाही. माझ्या सासरी खार आहे म्हणून सगळे सावध, आणि त्याच्याकडे जीभ खुशीत आहे म्हणून कुणी जागं होत नाही.

फ्लोराइडच्या बाबतीत लोक पहिला उपाय करतात तो पाणी उकळण्याचा. उकळून जंतू मरतात, फ्लोराइड मरत नाही. उलट पाणी आटतं आणि ते दाट होतं. नायट्रेटचंही तसंच. यूव्ही, यूएफ, कॅण्डल, कार्बन, यांतलं काहीच इथे कामाचं नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरणविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने यासाठी नळगोंडा पद्धत काढली होती. तुरटी, चुना आणि ब्लिचिंग पावडर पाण्यात ढवळायची, फ्लोराइड धरून गाळ खाली बसतो, वरचं पाणी घ्यायचं. पण प्रत्येक पाण्याला तुरटीचं माप वेगळं, ते चुकलं की फ्लोराइड उरतं नाही तर ॲल्युमिनियम उतरतं. घरच्या बाईने रोज सकाळी करायचं काम ते नव्हे. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे फिल्टरही आहेत आणि ते काम करतात, पण त्याचे दाणे फ्लोराइडने भरले की बाहेरून काही कळत नाही. ते परत धुऊन घ्यावे लागतात किंवा बदलावे लागतात, आणि तालुक्याच्या गावीही ते करून देणारा भेटेलच असं नाही.

म्हणून दादाने आधी मशीन न बघता दुसरं पाणी शोधलं. शेतात आजोबांची जुनी विहीर होती, पस्तीस-चाळीस फुटांची, बोअर आल्यापासून पडीक. तिचं पाणी तपासलं तर फ्लोराइड एकच्या आत. सगळ्यांना हायसं वाटलं. पण त्याच कागदावर खाली नायट्रेट लिहिलं होतं, ४५ च्या वर. नायट्रेटला मानकात सूटच नाही, ४५ म्हणजे ४५. विहिरीला लागून उकिरडा, पलीकडे बैलांचा गोठा, आणि भोवती कपाशीला पडणारा युरिया. नायट्रेट मोठ्या माणसाला लगेच काही करत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाटलीवरच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते घटवतं, बाळ निळं पडतं. आणि वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

उकिरडा हलवला. विहीर उपसली. पण जमिनीतलं नायट्रेट काही त्या वर्षी जाणार नव्हतं. तेव्हा त्या विहिरीच्या पाण्यावर आरओ बसवलं. म्हणजे मी, जी सासरी आरओला नावं ठेवत फिरते, तिनेच माहेरी ते घ्यायला लावलं. मेम्ब्रेन, म्हणजे आरओतला पाणी गाळणारा पडदा, चांगली असेल तर ती फ्लोराइड आणि नायट्रेट दोन्ही बऱ्यापैकी अडवते. ती थकली हे ओळखायला मात्र तो टीडीएस मीटर खरा उपयोगी. आत जाणारं पाणी किती, बाहेर येणारं किती, हे महिन्याला लिहून ठेवायचं. बाहेरचा आकडा चढायला लागला की समजायचं. वहिनी ते कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशेबाशेजारी.

स्वयंपाकाचं पाणीही तेच वापरायचं, हे तिला पटवायला वेळ लागला. गावात ज्यांच्याकडे आरओ आहे तेही पितात ते पाणी आणि भात-वरण, कण्या, आंबील शिजवतात बोअरच्या पाण्यात. डाळीने शोषलेलं फ्लोराइड पोटातच जातं. आणि आपल्याकडचा उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शेतात राबणारा माणूस दिवसाला सहा-सात लिटर पाणी पितो. लिटरमागे तेवढंच असलं तरी थंड मुलखातल्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट त्याच्या अंगात जातं. पुन्हा तो घरून कॅन घेऊन निघाला तरी ती दुपारपर्यंत संपते, मग बांधावरच्या ज्या बोअरची मोटर चालू असेल तिला तोंड लावायचं. कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचं निम्मं पाणी असं कुणाच्या तरी वावरातलं असतं. घरच्या मशीनच्या जाहिरातीत वावर नसतं.

गावच्या चौकात पाण्याचं एटीएमही होतं, पाच रुपयांत मोठी कॅन. योजना चांगली, पण मेम्ब्रेन कोण बदलणार आणि बिल कोण भरणार यात ते बंद पडलं. आता त्यात कबुतरं राहतात.

मशीन बसवल्यावर पहिल्या सर्व्हिसला माणूस आला तेव्हा मी माहेरीच होते. त्याने कांड्या बदलल्या, टाकी धुतली, काम चोख होतं. जाताना बाजूचा एक छोटा पेच तो पिळायला लागला. मी विचारलं, हे काय? म्हणाला, टीडीएस ॲडजस्ट करतो, मशीन चाळीस दाखवते, पाणी फिकं लागेल, दीडशेवर आणून देतो. हा पेच म्हणजे मेम्ब्रेनला वळसा घालून जाणारी वाट. तो उघडला की आत आलेलं पाणी थोडं थोडं तसंच, न गाळता, चांगल्या पाण्यात मिसळतं आणि चव येते. खारपाणपट्ट्यात त्याने फार बिघडत नाही, थोडा क्षार परत येतो इतकंच. इथे मात्र जे अडवायला आठ-दहा हजार घातले तेच त्या वाटेने परत येतं. त्या माणसाला हे माहीत नव्हतं. त्याच्या शिकवणीत नायट्रेट नव्हतं, टीडीएस होता.

‘ताई, थोडं पाणी मिक्स केल्याशिवाय चव नाही येत नं,’ तो म्हणाला.

‘चव नसली त नसो,’ वहिनी म्हणाली. ‘तो पेच बंद करा.’

त्याने केला. मग वहिनीने पावती पुढे सरकवली आणि त्यावर पेच पूर्ण बंद ठेवला असं लिहून मागितलं. कंपनीत असं लिहून द्यायची पद्धत नाही, असं तो म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. वहिनीने मग स्वतःच त्या पेचावर नेलपॉलिशचा थेंब टाकला, कुणी फिरवला तर चिरेल असा. पुढच्या वेळी तो येण्याआधी आणि गेल्यानंतर ती तो थेंब बघणार आहे.